देवाशी नाते आणि माणसाशी नाते



ह्या व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. मी विद्वान नव्हे. माझे गाव निरवांगी, इंदापूर तालुक्यातले, नीरेच्या काठचे. दहावीनंतर शाळा सुटली. साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली काम केले आणि पुढे तीस वर्षे कामगार संघटनेत काढली. जे थोडेफार वाचले ते वाचनालयातली पुस्तके घरी आणून, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यातले काही पुस्तकांतले आहे आणि काही कामगारांनी मला शिकविलेले आहे. दुसऱ्याचे वजन अधिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

विषय असा : माणूस देवाविषयी जो विचार करतो, तो कोणत्या बुद्धीने करतो? दगड, पाणी, यंत्र ह्यांचा विचार ज्या बुद्धीने करतो त्या बुद्धीने, की आई, भाऊ, शेजारी, पाटील, सावकार ह्यांचा विचार ज्या बुद्धीने करतो त्या बुद्धीने?

प्रथम एक अनुभव सांगतो. मी संघटनेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यात गळीत हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. रात्रपाळीला एका यंत्राचा पट्टा तुटला आणि आमच्या एका सोबत्याचा हात त्यात सापडला. हात कोपरापासून गेला. पट्ट्यावर जाळीचे झाकण असायला हवे होते, ते नव्हते. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कामगार काय बोलत होते? ह्या वर्षी हंगामाच्या आधी यंत्राला बोकड दिला नाही, म्हणून यंत्राने आपला मान वसूल केला! मी नवे चार ग्रंथ वाचलेला तरुण. मी मोठ्याने हसलो. म्हणालो, “लोखंडाला कसला आला आहे मान?” झाले! त्यानंतर दोन महिने माझ्या सभेला दहा माणसे जमत नव्हती.

अखेर एक वयस्क कामगार, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असू, त्यांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, “अरे, पट्टा जुना होता, झाकण नव्हतं, हे आम्हाला कळत नाही होय? पण तीन पाळ्यांतली इतकी माणसं त्या पट्ट्यापाशी उभी राहतात. नेमका त्याचाच हात का गेला, ते सांग की.” मला उत्तर देता आले नाही.

पुष्कळ वर्षांनी इव्हान्स-प्रिचर्ड ह्या इंग्रज मानवशास्त्रज्ञाच्या १९३७ सालच्या ग्रंथाविषयी वाचले आणि तात्यांची आठवण झाली. आफ्रिकेत दक्षिण सुदानच्या बाजूला आझांदे नावाचे लोक राहतात. त्यांच्याकडे धान्याची कोठारे खांबांवर उभारलेली असतात आणि उन्हाच्या वेळी माणसे त्यांच्या सावलीत बसतात. कधी एखादे कोठार कोसळते आणि खालची माणसे जखमी होतात. खांबांना वाळवी लागली होती हे आझांदे जाणतात. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो. हीच माणसे खाली बसलेली असताना, ह्याच घटकेला ते का कोसळावे? ह्याचे उत्तर ते कोणाच्या तरी द्वेषात, करणीत शोधतात. म्हणजे ‘कसे घडले’ हा एक प्रश्न आणि ‘कोणी घडविले’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदतात.

हा ‘कोण’ विचारणारा जो भाग आहे त्याला मी समाजबुद्धी म्हणतो. माणूस हा एकट्याने जगणारा प्राणी नव्हे. समोरच्याच्या मनात काय आहे, तो रागावला आहे की खूष आहे, त्याचे आपल्याकडे काही देणे निघते काय, हे ओळखल्यावाचून त्याचा दिवस जात नाही. सून उंबऱ्यातूनच सासूचा चेहरा पाहून घरातले हवामान ओळखते. मुकादमाच्या खाकरण्यावरून कामगार त्या दिवसाचा रंग जाणतो. ही बुद्धी इतकी तत्पर असते की, जेथे मन नाही तेथेही ती मन पाहते. १९४४ साली अमेरिकेत हायडर आणि झिमेल ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटा चित्रपट दाखविला. त्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे सरकत होते. पाहणाऱ्यांपैकी बहुतेक सर्वांनी काय सांगितले? मोठा त्रिकोण दांडगट आहे, धाकटा शूर आहे, वर्तुळ भ्याले आहे! कागदावरच्या त्रिकोणात जर आपल्याला दांडगाई दिसते, तर वीज, पाऊस, साथ आणि यंत्र ह्यांत कोणीतरी दिसावे ह्यात नवल ते काय?

आता आपल्या भाषेकडे वळू. भाषा ही इतिहासाची मोठी साक्षीदार असते. आपण देवाला गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, जी पाटलाच्या वा सरकारच्या दारात न्यायची. देवाचा आपण कौल घेतो. कौल म्हणजे राज्यकर्त्याने रयतेला दिलेले अभयवचन. जुन्या कागदपत्रांत ओसाड गाव पुन्हा वसवावयाचे झाले म्हणजे सरकार कौल देत असे. देवाला आपण नवस बोलतो आणि पुढे तो ‘फेडतो’. फेडावयाचे असते ते कर्ज. जेजुरीचा खंडेराय आपल्याला राजा वाटतो आणि त्याच्या पदरी हेगडी प्रधान असतो. गाव, दरबार आणि सावकारी ह्यांतले सर्व शब्द देवळाच्या पायरीवर येऊन बसलेले आहेत. हे शब्द कोणी पंडिताने बसविले नाहीत. आपण ज्या नात्यांत जगत होतो, त्याच नात्यांत देवालाही गोवले.

आम्हा संघटनावाल्यांना तर ह्यात घरचेच शब्द सापडतात. पाऊस ओढ देऊ लागला की पूर्वी गावकरी महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवीत. घरोघर लोक ‘देव पाण्यात घालून’ बसत. मागणी मान्य होईपर्यंत देवाची सुटका नाही! आमच्या भाषेत ह्यालाच घेराव म्हणतात. धरणे हा आमचा आवडता शब्द. पण मराठी मुलुखात धरणे पहिल्यापासून दोन दारांत धरले जाई, एक ऋणकोच्या दारात आणि दुसरे देवाच्या. दोन्हीकडे युक्ती एकच. समोरचा कितीही बडा असला तरी त्याला लाज आहे, आपल्या उपाशी बसण्याने तो बोलला जाईल, हा विश्वास. चैत्रात सासवडहून तेल्या भुत्याची कावड शिखर शिंगणापूरला जाते. मुंगी घाटाचा उभा कडा चढताना भक्त शंभू महादेवाला ‘म्हाद्या’ म्हणून एकेरीत हाक मारतात, त्याच्यावर रागावतात. परक्यावर कोणी असे रागावत नाही. रागावणे हेच जवळिकीचे प्रमाण आहे.

देवाचे घरही आपल्या घरासारखे असते. खंडोबाची थोरली बायको म्हाळसा ही लिंगायत वाण्याची, आणि बाणाई ही धनगराची. म्हाळसा गडावरच्या मुख्य देवळात देवाजवळ आहे. बाणाईचे देऊळ गड अर्ध्यावर चढल्यावर लागते. दोघी सवतींचे पटेना म्हणून देवाने घर वाटून दिले, असे लोक सांगतात. ह्या गोष्टीला हसण्याआधी नीट पाहा. ह्या मुलुखात व्यापारी होते, शेतकरी होते, मेंढरे घेऊन नीरा-भीमेच्या खोऱ्यांतून हिंडणारे धनगर होते. त्यांचे एकमेकांवाचून चालत नव्हते आणि एकमेकांशी रोटीबेटीही होत नव्हती. मग सर्वांना एकत्र बांधणारा देव कोणता? ज्याने दोन्हीकडे सोयरीक केली तो! धनगराच्या दृष्टीने खंडोबा हा नुसता देव नव्हे, जावई आहे. आणि जावयाकडे हक्काने जाता येते. जो समाज प्रत्यक्षात जोडला जात नव्हता, तो देवाच्या संसारात जोडला गेला. मात्र जोडला गेला तोही पायरी राखूनच. एक वर, एक अर्ध्या वाटेवर.

एमिल दुरखीम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रतिपादन केले की, समाज देवाच्या रूपाने वस्तुतः स्वतःलाच वंदन करीत असतो. मला ते पुरतेपणी पटत नाही. ज्याला समाजात थाराच नव्हता असा मनुष्यही देवाकडे गेला आहे आणि समाजाविरुद्ध दाद मागण्यासाठीच गेला आहे. चोखोबांचे चरित्र आठवा. मंगळवेढ्याच्या वेशीचे काम करताना भिंत कोसळून मजुरांबरोबर तेही गाडले गेले. हे १३३८ साली घडले असे परंपरा सांगते. म्हणजे ते आमच्याच वर्गातले, कामावर मेलेले मजूर. ज्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. जन्मभर ते ज्याच्याशी बोलले तो आत आणि ते बाहेर. माणसांनी तोडलेले नाते त्यांनी देवाशी जोडून दाखविले, आणि मधली भिंत देवाची नसून माणसांची आहे हे सर्वांच्या डोळ्यांत भरविले.

ती भिंत पुढे सहाशे वर्षे टिकली. मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असताना, साने गुरुजींना त्याच देवळाच्या दारांसाठी पंढरपुरात उपोषण करावे लागले. १ मेला सुरू झालेले उपोषण १० मेला सुटले. दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच प्रश्नाचा वेगळा निकाल लावला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. गुरुजींनी नाते दुरुस्त करावयास सांगितले. बाबासाहेबांनी, जे नाते अपमानावरच उभे आहे ते तोडून समतेचे नाते जोडावयास सांगितले. मार्ग भिन्न, पण दोघांनीही एक गोष्ट ओळखली होती. देवाच्या दारातले स्थान आणि गावातले स्थान ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. त्यांच्या आधी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करून जोतीराव फुल्यांनी हेच केले होते. निर्मिक आणि माणूस ह्यांच्यामध्ये दलाल नको, म्हणजे माणसामाणसांतही दलाल उरणार नाही.

ह्या नात्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देवाशी नाते खरे मानले की त्या नात्याची किंमतही खरी द्यावी लागते, आणि ती बहुधा दुबळ्याला द्यावी लागते. देवाला नवरा मानून खंडोबाला मुलगी वाहण्याची, म्हणजे मुरळी सोडण्याची चाल होती. नवस आईबापांचा आणि फेड त्या अजाण पोरीच्या आयुष्याने! शिवराम जानबा कांबळे आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याविरुद्ध आवाज उठविला. जी समाजबुद्धी धनगराला देवाचा सासरा बनविते, तीच एका लेकीचा बळी देते. तेव्हा तिची पूजाही करू नये आणि हेटाळणीही करू नये. ती कोणाच्या हाती आहे ते पाहावे.

‘कोण’ आणि ‘कसे’ हे दोन प्रश्न एका घरात कसे नांदतात ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे देवीचा रोग. ह्या रोगाला आपण रोग म्हटलेच नाही. ‘देवी आल्या’ असे म्हणत, तेही आदराने, अनेकवचनात. पाहुणी आली आहे, ती तापट आहे, तेव्हा घरात भांडण नको, फोडणीचा वास नको, दाराला कडुलिंबाचा डहाळा हवा. माझी आजी हे सर्व सांगत असे. १७९६ साली इंग्लंडात जेन्नरने लस शोधली आणि १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत हिंदुस्थानातील पहिले लसीकरण झाले. आपल्या लोकांनी ह्या नव्या विद्येला काय नाव दिले? ‘देवी काढणे’! टोचणाऱ्या माणसाला देवी डॉक्टर म्हटले. ज्या आजीने कडुलिंब बांधला तिनेच पुढे नातवंडांचा दंड टोचणाऱ्यापुढे धरला. हिंदुस्थानातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० साली जगातूनच हा रोग गेल्याचे जाहीर झाले. रोग गेला तो लसीने, ह्यात शंका नाही. परंतु गावात लस शिरली ती त्या बायांच्या मनात ‘कसे’ला जागा मिळाली म्हणून. ज्या टोचणाऱ्याने ती जागा मायेने मागितली त्याला ती मिळाली, आणि ज्याने दंडुक्याने मागितली त्याला पाहून लोकांनी पोरे लपविली.

अलीकडे मेंदूची छायाचित्रे घेण्याची यंत्रे निघाली आहेत. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली वीस श्रद्धावान ख्रिस्ती माणसांची तपासणी प्रसिद्ध केली. ती माणसे स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलू लागली तेव्हा, दुसऱ्या माणसाचे मन ओळखताना मेंदूचे जे भाग चालतात तेच भाग चालू झाले. सांताक्लॉजकडे मागणे मागताना मात्र तसे झाले नाही, कारण सांताक्लॉज ही गोष्टीतली व्यक्ती आहे हे ते जाणून होते. वीस माणसांवरून जगाचा सिद्धान्त ठरत नाही. देव आहे की नाही, ह्याचा निकालही हे यंत्र देत नाही, आणि तो देण्याचे मलाही कारण नाही. पण श्रद्धावान माणूस देवाशी बोलतो तेव्हा तो खरोखरीच कोणाशी तरी बोलत असतो, निदान त्याची बुद्धी त्या कामाला लागलेली असते, एवढे ह्यावरून दिसते. वारकऱ्यांना हे सांगावयास यंत्र लागले नसते. दरसाल तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. बेलवाडीला रिंगण होते, पुढे सराटीला नीरास्नान होते. त्या वाटेवर प्रत्येक जण प्रत्येकाच्या पाया पडतो. मात्र इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या तेव्हा त्यांना तेथेही जातवार दिंड्या आणि वेगळ्या पंगती दिसल्या, आणि त्यांनी ते दुःखाने लिहून ठेवले. भजनात जुळलेले नाते जेवणाच्या वेळी तुटते, हे आपले जुने दुखणे आहे.

आता शेवटचा दाखला आमच्या चळवळीचा. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंड्यांनी मांडले, अशी आठवण आजही सांगितली जाते. साहेबाला रविवार चर्चसाठी हवा होता, मजुराला खंडोबासाठी. पण मिळाले काय? पाठ टेकण्यास एक दिवस, लेकरांशी बोलण्यास एक दिवस. लोखंड्यांनी मजुराच्या देवाला हसून घालविले नाही. त्याच्या नात्याचा धागा पकडून त्यांनी हक्काचे वस्त्र विणले.

हे मला तेव्हा ठाऊक असते तर मी त्या टपरीवर हसलो नसतो.

माझी गोष्ट पुरी करतो. तात्यांच्या बोलण्यानंतर मी कामगारांच्या घरोघर गेलो, हात गेलेल्या सोबत्याच्या घरी आधी. मग सभेत म्हणालो, “यंत्राचा मान राहिला असेल तर तो काय होता ते आपण ठरवू. मी म्हणतो, यंत्राचा मान म्हणजे त्याच्यावरचे झाकण. ते कोणी दिले नाही?” १९४८ च्या कारखाने कायद्यातले २१ वे कलम, जे तेव्हा चालू होते, यंत्राला संरक्षक कुंपण घालण्यास सांगते. ते मी वाचून दाखविले. ‘कसे’ कळले, आणि ‘कोण’ ह्या प्रश्नाचे तोंड यंत्राकडून झाकण न घालणाऱ्याकडे वळले. आमच्यातले बरेच जण खंडोबाचे. तात्यांनी बेल-भंडारा पुढे ठेवला. एकेकाने तो उचलून शपथ घेतली की, झाकण लागेपर्यंत आणि भरपाई मिळेपर्यंत त्या पट्ट्यापाशी कोणी उभे राहणार नाही. आमच्यात दोन मुसलमान होते. त्यांनी आपल्या रीतीने शपथ घेतली. एक बौद्ध होता, तो म्हणाला, माझा शब्द पुरेसा आहे, आणि तो पुरेसा ठरला. अकरा दिवस कोणी फुटले नाही. झाकण लागले. भरपाईही मिळाली, पण हात परत आला नाही.

ह्यातून मी जो धडा घेतला तो आपणांपुढे ठेवतो. श्रद्धा ही माणसाच्या नाते जोडण्याच्या बुद्धीतूनच उगवते, म्हणून नुसत्या युक्तिवादाने ती उपटली जात नाही आणि उपटण्याचे कारणही नाही. पण ती कोणत्या नात्याला बळ देते, हे मात्र प्रत्येक पिढीने विचारले पाहिजे. ‘कसे घडले’ हे विचारण्यास जी श्रद्धा मनाई करते ती झाकण न घालणाऱ्याला वाचविते. आणि ‘आपले कोण’ हे ज्या विद्येला विचारता येत नाही तिच्या सभेला दहा माणसेही जमत नाहीत. दोन्ही प्रश्न हवेत, आणि ते एकाच माणसाला विचारता आले पाहिजेत.